नव्याण्णव नंबरची फाईल

भावोजींनी शेवटची फाईल उघडली आणि तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच परत टेबलावर ठेवला.

फाईलमध्ये एकच ओळ होती. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला. ओळ होती तीच राहिली. चाचण्या: बंद.

"झालं का आवरून?" पलीकडच्या टेबलावरून शंकोबाने विचारलं.

"होतंय," भावोजी म्हणाले आणि फाईल पटकन मिटून टाकली. कुणी बघितलं तर नाही, म्हणून त्यांनी मान वळवून पाहिलं. मग आपणच आपल्या ऑफिसात चोरासारखं इकडेतिकडे बघतोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

ऑफिस सायकलदुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. रक्त तपासणाऱ्या लॅबना लागणारं सॉफ्टवेअर इथे बनायचं. नमुना कुणाचा, तपासायचं काय, रिपोर्ट छापायचा कसा, हे सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये. आता प्रत्येक लॅबची तऱ्हा निराळी. एकीला डॉक्टरांची सही डावीकडे हवी, दुसरीला उजवीकडे. एकीकडे मशीन जुनं, दुसरीकडे नवंकोरं. या सगळ्या सूचना लहान लहान फाईलींत लिहिलेल्या असत, आणि बिल्डचं टूल त्या फाईली नंबराने वाचत जाऊन एकेका लॅबचं पॅकेज बांधी. दहा, वीस, तीस अशा नंबरांनी ताईने सुरुवात केली होती, मध्ये जागा राहावी म्हणून. पुढे ज्याला जशी गरज पडली तशी त्याने मध्ये फाईल घुसवली. अकरा आली, बारा आली, बारा-अ आली, 'बारा-अ-नवीन' आली, आणि 'बारा-अ-नवीन-हीच-वापरा' सुद्धा आली. दोन फाईलींनी एकाच गोष्टीबद्दल दोन तोंडांनी सांगितलं, तर टूल नंतरच्या फाईलचं ऐके. शेवटी बोलेल त्याचं खरं.

ताई म्हणजे भावोजींची बायको. सगळं ऑफिस तिला ताई म्हणायचं, मालकसुद्धा. मग तिचा नवरा त्याच ऑफिसात कामाला लागला, तेव्हा त्याला भावोजी म्हणण्यावाचून कुणाला गत्यंतर उरलं नाही. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं राहिलं. बँकेतून फोन आला तरी शंकोबा म्हणायचा, "भावोजी ना? आहेत, देतो."

ताई जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

वीस नंबरच्या फाईलमध्ये ताईने स्वच्छ लिहून ठेवलं होतं: चाचण्या चालू. पॅकेज बांधायच्या आधी टूलने शेकडो खोटे पेशंट उभे करायचे, त्यांच्या नावावर खोटे आकडे घालायचे आणि रिपोर्ट बरोबर येतो का ते बघायचं. एक उत्तर जरी चुकलं, तरी पॅकेज बांधायचंच नाही. ऑफिसात याला 'ताईंची चाळण' म्हणत. नवी लॅब गिऱ्हाईक म्हणून आली की मालक हमखास सांगत, "आमच्याकडे एक चाळण आहे. ताईंनी बसवलेली. तिच्यातून खडा सुटत नाही."

आणि सगळ्यांच्या शेवटी बोलणारी नव्याण्णव नंबरची फाईल म्हणत होती: बंद.

भावोजींनी एका छोट्या लॅबचं पॅकेज नुसतं करून बघितलं. कपातला चहा निवायच्या आत ते तयार झालं. टूलने काय काय केलं याची लांबलचक नोंद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. चाचण्यांचा मागमूस नव्हता.

"काय गं, आज तरी उजेडात बाहेर पडणार का तुझं पॅकेज?" शंकोबाचा मोर्चा आता दाराजवळच्या टेबलाकडे वळला होता.

"पडेल," नवी म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"नाही, लॅबवाले विचारतात म्हणून म्हटलं. ताई दुपारच्या डब्याआधी मोकळ्या व्हायच्या."

"माहितीय."

शंकोबा लॅबचे फोन घ्यायचा. आज सोमवार आहे म्हटलं तरी "कुणी सांगितलं?" असं विचारणारा माणूस. पण ताईंचं नाव निघालं की त्याच्या सगळ्या शंका गार पडत. आणि नवी काही आता नवी राहिली नव्हती. ताईंचं आजारपण सुरू झालं तेव्हा त्यांच्या हाताखाली म्हणून ती आली, पुढे त्यांचं काम तिच्याकडेच आलं, पण नाव काही जुनं झालं नाही. नवीच्या कामाची ताईंशी तुलना चालली, की भावोजी आजवर आपल्या स्क्रीनकडे बघत गालातल्या गालात हसायचे. बरं वाटायचं त्यांना. आज हसू आलं नाही.

फाईली आवरायचं काम मालकांनी महिन्याभरापूर्वी दिलं होतं. तेही कसं, तर दारात घुटमळत. "हलकं काम आहे, भावोजी. सवडीने करा. ऐंशी-पंच्याऐंशी फाईली झाल्यात, त्या दहा-बारात बसवायच्या. म्हणजे सगळ्यांना सारखं ते एकीत, लॅबनिहाय ते वेगळं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, पण ताईंच्या कप्प्याला परक्याचा हात नको वाटतो." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले होते. भावोजींनी हो म्हटलं. त्यांनाही परक्याचा हात नकोच होता.

कुठली ओळ कुणी, कधी घातली, याची नोंद काढता यायची. भावोजींनी ती काढली. ओळीपुढे ताईचं नाव होतं. ते त्यांना अपेक्षित होतंच. नव्याण्णव नंबर द्यायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. त्यांना हवी होती ती तारीख. तारीख आजारपणातली निघावी, असं त्यांना फार वाटत होतं. औषधांनी डोकं जड असायचं तिचं, हात थरथरायचे. तसल्या दिवसातलं काही असेल तर कोण काय बोलणार होतं?

तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली. गुरुवार. आजाराचं तेव्हा नावही नव्हतं. ती रोज दोन मजले भराभर चढून यायची आणि मागून धापा टाकत येणाऱ्या नवऱ्याला वरून म्हणायची, "या, या, सावकाश या, सत्कार ठेवलाय."

त्या गुरुवारचं भावोजींना काही म्हणता काही आठवेना. कुठल्या तरी लॅबचं मशीन अडलं असेल, पॅकेज तातडीने हवं असेल, तिने तेवढ्यापुरती चाळण बाजूला काढली असेल, संध्याकाळी परत लावू म्हणाली असेल. आणि विसरली. दुसरं काही नाही.

घरी आल्यावर त्यांनी भाजी चिरायला घेतली. घर दोन खोल्यांचं. तिच्या माघारी काही हललं नव्हतं, कारण हलवायला कुणी नव्हतं. मुलगी दूरच्या गावी नोकरीला होती. रविवारी फोन करायची, आणि दोघं मिळून आई किती चांगली होती ते बोलायचे. भेटायला येणारेही तेच बोलायचे. वर्षभर सगळ्यांनी मिळून तिला इतकं घासूनपुसून लखलखीत केलं होतं, की भावोजींना तिचा चिडलेला चेहरा आठवेनासा झाला होता. तिच्याशी भांडल्याचं आठवायचं, पण भांडताना ती कशी दिसायची ते काही केल्या समोर यायचं नाही.

भाजी फोडणीला टाकून ते दार लावायला गेले. कडी घातली, आणि सवयीने ओढून बघितली. लग्नापासूनची सवय. बाहेर जाताना ती त्यांना अर्ध्या जिन्यावरून परत पाठवायची. कुलूप ओढून बघितलंत का? गॅस बघितलात का? नाही म्हणजे नुसतं हो म्हणू नका, जाऊन बघून या.

"आणि स्वतः?" भावोजी एकदम मोठ्याने म्हणाले. कढईतली भाजी चुरचुरत होती. "मला कुलपं ओढायला लावतेस. तीन वर्षं! तीन वर्षं चाळण खुंटीला टांगून ठेवलीस, आणि मला सांगतेस गॅस बघून या?"

स्वयंपाकघरातून उत्तर यायचा प्रश्नच नव्हता. पण भावोजींचे कान गरम झाले होते. ती गेल्यापासून ते रडले होते, गप्प बसले होते, देवाला बोल लावून झाले होते. तिच्यावर रागावले मात्र आज पहिल्यांदाच. रागाने त्यांना भूक लागली. त्यांनी दोनदा भाजी वाढून घेतली. मीठ कमी होतं, तरी घेतली.

जेवता जेवताच त्यांनी ठरवून टाकलं. आवराआवरीत ऐंशी फाईली इकडच्या तिकडे होणार. त्यात नव्याण्णव नंबरची गेली काय आणि राहिली काय, कोण बघायला बसलंय? वीस नंबरवालीचं टूल ऐकू लागेल, चाळण परत लागेल, आणि ताई आहे तिथेच राहील. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच केलं. नव्या मांडणीच्या बारा फाईली, सगळे वापरत त्या ताईंच्याच कप्प्यात चढवल्या. जुन्या काढल्या. नव्याण्णव काढल्यावर त्यांना हलकं वाटलं. ते जाऊन स्वतःचा आणि शंकोबाचाही चहा घेऊन आले.

"आज काय विशेष?" शंकोबाने कपात डोकावून बघितलं. "साखर घातलीय ना?"

"पिऊन बघ."

"नाही, तुम्ही विसरला असाल तर..."

दुपारी ऑफिसात दोघंच होते. मालक बाहेर गेले होते आणि शंकोबा डबा खाऊन पाय मोकळे करायला खाली उतरला होता. नवी स्टूल ओढून भावोजींच्या टेबलाशी येऊन बसली.

"भावोजी, एक विचारू?"

"विचार की."

"नव्याण्णव कुठे गेली?"

भावोजींनी नजर स्क्रीनकडे वळवली. "कुठली नव्याण्णव?"

टेबलावरची पेन्सिल उचलून नवीने ती सरळ ठेवली. भावोजींना खोटं बोलायची फारशी सवय नव्हती, आणि बोलले तर ते चेहऱ्यावर उमटायचं. हे घरी एकीला माहीत होतं, आता दुसरीला कळलं.

"तुला ठाऊक होती ती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"ताई गेल्या, त्यानंतर थोड्याच दिवसांनी. एकटीने पहिल्यांदाच पॅकेज केलं आणि ते भलतंच लवकर झालं. म्हटलं, आपण एवढ्या कधी हुशार झालो? म्हणून शोधलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना! मालकांना बोलले. म्हणाले, ताईंनी लावलंय ना, मग काहीतरी विचार करूनच लावलं असेल. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता समोर माणूस डोळे पुसतोय आणि मी त्याच्यापुढे नव्याण्णव नंबरचं तुणतुणं वाजवत बसू?"

"मग केलंस काय?"

"काय करणार? चाचण्या हाताने चालवते. एकेका लॅबच्या वेगळ्या. सगळी मांडामांड दर वेळी नव्याने करायची, म्हणून वेळ जातो."

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. "म्हणून तुला संध्याकाळ होते."

"शंकोबांना वाटतं माझा हात जड आहे." नवी हसली. "घरी सासूबाईंचंही तेच मत आहे, त्यामुळे सवय आहे मला."

"तूच काढून टाकायची होतीस ती फाईल."

"ताईंच्या कप्प्यातली? आणि मी कोण, तर नवी." ती उठली, स्टूल जागेवर ठेवायला लागली. "जाऊ दे हो, काढलीत ना, झालं. मीही आता वेळेत घरी पोचेन. कुणाला सांगू नका. ताईंचं नाव कशाला उगीच? मला शिकवलं त्यांनी. फाईल कशी वाचायची, ते त्यांनीच शिकवलं."

तिने हे मनापासून म्हटलं होतं. भावोजींना ते दिसत होतं.

"बरं," ते म्हणाले.

"ह्या महिन्यात सगळ्या लॅबना जाणाऱ्या पॅकेजमध्ये तुमचं काही आहे का?"

"वयाचा भाग जरा नीटनेटका केलाय. कुणाला कुठले नॉर्मल आकडे छापायचे तो. विशेष काही नाही."

नवी तिच्या टेबलाकडे गेली. भावोजींना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांनी स्क्रीनवर काहीतरी उघडलं आणि बराच वेळ एकही अक्षर न वाचता त्याच्याकडे बघत बसले.

महिन्याची पॅकेजं पाठवायच्या दिवशी ऑफिसात लगीनघाई असायची. एरवी या दिवशी नवी सकाळपासून मान मोडून बसलेली दिसे. त्या दिवशी तिने बिल्ड सुरू केलं, टूल आपलं आपण वाचत, चाळत पुढे निघालं, आणि ती दोन्ही हातांत कप धरून खुर्चीत मागे रेलून बसली. हे दृश्य शंकोबाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"मालक, बाहेर या! बघण्यासारखं आहे. नवी चहा पितेय."

मालक खोलीतून बाहेर आले. "काय, झालं सगळं?"

"चाललंय आपोआप," नवी म्हणाली.

"बघा," शंकोबा म्हणाला. "भावोजींनी ताईंच्या फाईली नीट लावल्या आणि गाडी कशी भरधाव सुटली. शेवटी पुण्याई कुणाची?"

मालकांचा चेहरा उजळला. ताईंचं नाव निघालं की तो असाच उजळायचा आणि मग हळूहळू उतरायचा. "मी म्हणत होतो ना, नवे? त्यांच्या पद्धतीने चाल. त्यांच्यासारखं जरा चटपटीत व्हायला शिक. तुझ्याच्याने होईल."

"हो," नवी म्हणाली, आणि तिने चहाचा घोट घेतला.

तो 'हो' भावोजींना झेपला नाही. ती चिडली असती, तोंड पाडून बसली असती, तर कदाचित झेपला असता. ते उठून उभे राहिले. उभं राहायचं काही कारण नव्हतं, आणि आता सगळे आपल्याकडे बघतायत हेही त्यांना दिसलं.

"ताई चटपटीत नव्हती," ते म्हणाले.

"म्हणजे?" मालक हसले.

"पॅकेज लवकर व्हायचं, कारण चाळण बंद होती. तीन वर्षं बंद होती. सगळ्यात शेवटी एक फाईल होती, नव्याण्णव नंबरची. तिच्यात लिहिलं होतं, चाचण्या बंद. ती मी परवा काढली."

मालकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "कुणी लिहिलं होतं?"

"तिने."

"काहीतरी कारण असेल, भावोजी. आजारपणात माणसाला..."

"आजार नंतरचा. मी तारीख बघितली. गुरुवार होता. चांगली धडधाकट होती ती." आवाज चढतोय असं वाटून भावोजी थांबले, आणि मग हळू म्हणाले, "कारण काही नव्हतं हो. घाई असेल, बंद केली. परत चालू करायला विसरली."

"ताई विसरल्या?" शंकोबाने विचारलं. बोलण्याआधी त्याने कानाचा फोन काढून टेबलावर ठेवला होता.

"विसरली. माझ्या पायजम्याच्या खिशातले कागद न काढता धुवायची, तशी विसरली. आणि ही..." त्यांनी दाराजवळच्या टेबलाकडे हात केला. "हिला ते कळलं होतं. हिने सांगूनही बघितलं. आपण ऐकलं नाही, म्हणून ही रोज संध्याकाळपर्यंत सगळं हाताने चाळत बसली, आणि आपण हिला जड हाताची म्हणत बसलो. मी तर काही म्हटलंही नाही. नुसता हसायचो."

नवीने कप खाली ठेवला होता. ती कुणाकडेच बघत नव्हती. मालक हळूच शंकोबाच्या टेबलाच्या कडेला टेकले. त्यांना आठवत होतं. ते त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "मला वाटलं तू आपली... नवीन माणसाला वाटतं ना, जुन्यांचं काहीतरी बदलावं."

तेवढ्यात नवीच्या मशीनने एक बारीक आवाज काढला. स्क्रीनवरच्या भराभर सरकणाऱ्या ओळी थांबल्या होत्या, आणि शेवटची ओळ लाल होती.

"बघा!" शंकोबा उठलाच. "हात लावला आणि पडलं बंद! मी म्हणतच होतो, असेल काहीतरी कारण, उगीच का ताईंनी..."

नवी पुढे वाकली. एक ओळ वाचली, वर सरकली, परत खाली आली.

"बंद नाही पडलं," ती म्हणाली. "अडवलंय. एका चाचणीत पकडलं गेलंय."

"काय पकडलं गेलंय?" मालकांनी विचारलं.

"एक पेशंट आहे, खोटा. एका दिवसाचं बाळ. त्याच्या रिपोर्टवर मोठ्या माणसाचे नॉर्मल आकडे छापले जातायत." तिने क्षणभर भावोजींकडे बघितलं आणि लगेच नजर स्क्रीनवर नेली. "वयाच्या भागातलं आहे."

भावोजींना पुढचं सांगावं लागलं नाही. वयाचा भाग नीटनेटका करताना त्यांनी चार ओळींच्या जागी एक केली होती. वय लिहिलेलं नसेल तर मोठा माणूस समजायचं. आणि एका दिवसाच्या बाळाचं वय, वर्षांत मोजलं तर, शून्य. त्यांच्या त्या एका सुबक ओळीला शून्य म्हणजे काही लिहिलेलंच नाही असं वाटलं होतं. आज संध्याकाळी हे पॅकेज सगळ्या लॅबमध्ये गेलं असतं. उद्या कुठे तरी खरं बाळ आलं असतं, कुणाच्या तरी कुशीत, आणि त्याच्या टाचेतून काढलेल्या रक्ताचा आकडा चुकीच्या आकड्यांशेजारी छापला गेला असता.

ते नवीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

लाल ओळीखाली आणखी एक ओळ होती. चाचणी लिहिणाऱ्याने, ती कधी फसली तर दिसावी म्हणून ठेवलेली. नवी ती वाचणार होती, पण थांबली आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवली. भावोजींनी स्वतः वाचली.

शून्य हेही वय असतं. परत बघा.

तसं त्यात काही नव्हतं. ताई सगळ्याच चाचण्यांना असं एखादं वाक्य लावायची, ज्याची चूक त्याला ते दिसायचं. पण भावोजींना कपाळावरची ती उभी आठी दिसली, डाव्या भुवईच्या वरची, आणि वर गेलेली हनुवटी. वर्षभर जो आठवत नव्हता तो चेहरा, अगदी जसाच्या तसा.

"तुम्हालाच म्हणतायत, भावोजी," शंकोबा मागून वाचून म्हणाला. बोलून गेल्यावर तो दचकला. पण मालकांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि तो हसण्याचा आहे हे सगळ्यांना कळायला थोडा वेळ लागला.

"हो, हो. बघतो," भावोजी म्हणाले. आतल्या खोलीतून कुणी ओरडल्यावर माणूस म्हणतो, तसं.

त्यांनी रिकामी खुर्ची ओढली आणि नवीच्या शेजारी बसून आपली ती ओळ उघडली. मालकांनी बाह्या सरसावल्या, मग आपल्याला इथे करण्यासारखं काही नाही हे लक्षात येऊन त्या परत खाली केल्या.

"शंकोबा, लॅबना फोन लाव," ते म्हणाले. "पॅकेज उद्या येईल म्हणून सांग."

"कारण काय सांगू?"

"सांग, आमची एक चूक सापडलीय."

"असं सांगू? बघा हं. विचारतील, कुणाची?"

"आमची सांग."

शंकोबाने डोकं खाजवलं, पण फोन उचलला. खिडकीखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं, पुन्हा पुन्हा, नीट वाजते का म्हणून.

भावोजींनी एका ओळीच्या परत चार ओळी केल्या. वय लिहिलेलं नाही हे वेगळं, शून्य लिहिलंय हे वेगळं. बाळांसाठी दिवसांत मोजायचं, पुढे महिन्यांत. लिहून झाल्यावर त्यांनी हात मागे घेतले.

"चालव," ते नवीला म्हणाले.

नवीने कळफलकाला हात लावला नाही. तिने त्या चार ओळींवरून बोट फिरवलं, मध्येच थांबली, आणि त्यांच्याकडे वळली.

"आधी तुम्ही एकदा वाचून बघा," ती म्हणाली. "नुसतं हो म्हणू नका."

भावोजींनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि मुकाट्याने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.